जालन्यात घर किंवा दुकान बांधायचंय? बांधकाम परवानगीचं शुल्क नेमकं कसं ठरतं?

प्लॉट घेतला, नकाशा काढून झाला, वीट-वाळूचे भावही विचारून झाले. मग इंजिनिअर सांगतो, "परवानगीचे सगळं मिळून एवढे लागतील." घरमालक मान डोलावतो आणि पैसे मोजतो. त्यातले किती महापालिकेचे, किती सरकारचे, किती इंजिनिअरच्या कामाचे आणि किती कुणाचेच नाहीत, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

खरं तर हा हिशेब कुणालाही समजेल इतका सोपा आहे. बांधकाम परवानगीतल्या मोठ्या रकमा तीन आकड्यांवरून ठरतात. किती चौरस मीटर, रेडी रेकनरचा दर किती आणि कायद्यात ठरलेली टक्केवारी किती. या तीन आकड्यांचा गुणाकार करता आला, तर 'सगळं मिळून' या शब्दांत काय काय दडलंय ते घरबसल्या पाहता येतं.

जालना शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब कसा होतो, ते आता आपण पाहूया.

आधी एक प्रश्न : तुमची परवानगी कोण देणार?

शुल्काचा हिशेब करण्याआधी आपली जागा कुणाच्या हद्दीत येते, हे बघावं लागतं. जालना जिल्ह्यात याची चार वेगवेगळी उत्तरं मिळतात.

जालना शहरात परवानगी देते महापालिका. २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेचं रूपांतर महानगरपालिकेत झालं. अंबड, भोकरदन आणि परतूर इथे नगरपरिषदा आहेत, तर बदनापूर, जाफराबाद, घनसावंगी आणि मंठा इथे नगरपंचायती. तिथे अर्ज त्या त्या कार्यालयाकडे करायचा.

खेड्यात गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. गावठाणाबाहेर, शेतालगत बांधकाम करायचं असेल तर विषय जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाकडे जातो.

चौथं उत्तर एमआयडीसीचं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलचे कारखाने असोत की बियाण्यांची गोदामं, तिथले नकाशे महापालिका मंजूर करत नाही. एमआयडीसी हेच तिथलं नियोजन प्राधिकरण आहे. तिची विकास नियंत्रण नियमावली वेगळी आहे आणि शुल्कही वेगळं आहे. त्यामुळे कारखानदार मित्राने भरलेली रक्कम ऐकून शहरातल्या दुकानाचा अंदाज बांधू नका.

मुंबई, एमआयडीसी आणि असे काही मोजके भाग सोडले, तर बाकी महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. तिचं नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. इंजिनिअर मंडळी तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. जालन्यात नगरपरिषदेची महापालिका झाली, तरी शुल्काचा मुख्य हिशेब बदलला नाही, तो याच कारणामुळे. कायदा आणि नियमावली दोन्ही राज्यपातळीवरची आहेत.

चलनात कोणकोणत्या रकमा असतात?

परवानगीसाठी भरायच्या रकमांचे साधारण पाच प्रकार पडतात.

पहिलं छाननी शुल्क. नकाशा तपासण्याचा हा मोबदला. बांधकामाच्या चौरस मीटरवर ठरावीक रुपये अशी त्याची आकारणी होते आणि इतर रकमांच्या मानाने ती लहान असते.

दुसरं विकास शुल्क. कायद्याने ठरलेली ही मुख्य रक्कम.

तिसरा कामगार कल्याण उपकर. बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का.

चौथं अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम. प्लॉटवर मूळ हक्कापेक्षा जास्त बांधकाम करायचं असेल तरच ते लागतं.

पाचव्या प्रकारात अनामत रकमा आणि स्थानिक आकार येतात. अनामत म्हणजे अटी पाळल्यावर परत मागता येणारी रक्कम. ती शुल्कापेक्षा वेगळी असते, म्हणून तिची पावती वेगळी जपून ठेवायची.

इंजिनिअरची किंवा वास्तुविशारदाची फी यात कुठेच येत नाही. ती तुमच्या-त्यांच्यातली बाब आहे. ती चलनाच्या रकमेत मिसळली, की 'सगळं मिळून'चा गोंधळ सुरू होतो.

विकास शुल्क : जमिनीचं वेगळं, बांधकामाचं वेगळं

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. १९९२ मध्ये त्यात एक नवं प्रकरण घातलं गेलं आणि विकास शुल्क सुरू झालं. वस्ती वाढली की रस्ते, गटारं, पाणी, दिवे, बागा या सोयी लागतात. बांधकाम करणाऱ्याने त्या खर्चात वाटा उचलावा, हा त्यामागचा विचार.

या शुल्काचे दोन भाग असतात. एक प्लॉटच्या क्षेत्रफळावर आणि दुसरा बांधकामाच्या क्षेत्रफळावर.

राहत्या घरासाठी जमिनीवर रेडी रेकनर दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर २ टक्के आकारणी होते. औद्योगिक वापरासाठी हेच दर दीडपट होतात, म्हणजे पाऊण टक्का आणि ३ टक्के. दुकान, ऑफिस, हॉटेल अशा व्यापारी वापरासाठी ते दुप्पट होतात, म्हणजे १ टक्का आणि ४ टक्के.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून यापेक्षा मोठे आकडे ऐकायला मिळतील. मेट्रोसारखे महत्त्वाचे नागरी वाहतूक प्रकल्प असलेल्या शहरांत हे शुल्क दुपटीपर्यंत वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथला आकडा जालन्याला लावायचं कारण नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बांधकामावरचे २ टक्के म्हणजे बांधायला आलेल्या खर्चाचे २ टक्के नव्हेत. दोन्ही भागांसाठी दर धरायचा तो जमिनीचाच. घराला मार्बल बसवा नाहीतर साधी फरशी, विकास शुल्क तेवढंच राहतं.

रेडी रेकनरचा दर कुठे बघायचा?

दरवर्षी १ एप्रिलला नोंदणी महानिरीक्षक कार्यालय वार्षिक मूल्यदर तक्ते लागू करतं. बोलीभाषेत त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. खरेदीखताचं मुद्रांक शुल्क ज्या तक्त्यावरून ठरतं, तोच तक्ता इथेही वापरला जातो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे दर मोफत बघता येतात. वर्ष निवडायचं, जिल्हा जालना, मग तालुका आणि गाव. त्यानंतर आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर कोणत्या मूल्य विभागात येतो ते शोधायचं. समोर खुली जमीन, निवासी सदनिका, ऑफिस, दुकाने, औद्योगिक असे रकाने दिसतात.

विकास शुल्कासाठी बघायचा रकाना खुल्या जमिनीचा. दुकान बांधायचं आहे म्हणून 'दुकाने' या रकान्यातला दर धरला, तर चूक होते. दुकानाच्या रकान्यातला दर बांधलेल्या गाळ्याचा असतो, त्यामुळे तो बराच जास्त असतो. व्यापारी वापराचं जास्तीचं शुल्क दुप्पट टक्केवारीतून आधीच घेतलं जातं. त्यावर दरही जास्तीचा लावला, तर भार दोनदा पडतो.

दुसरी चूक मूल्य विभागाची. मुख्य रस्त्यालगतचा विभाग आणि आतल्या गल्लीचा विभाग यांचे दर वेगळे असतात. प्लॉट आतल्या वसाहतीत असताना रस्त्यालगतचा दर लागला, तर सगळ्याच रकमा फुगतात.

तिसरी गोष्ट वर्षाची. दोन वर्षं दर जैसे थे राहिल्यानंतर १ एप्रिल २०२५ ला ते वाढले. म्हणून मार्च-एप्रिलच्या सुमारास फाइल दाखल करणाऱ्याने आपल्या हिशेबात कोणत्या वर्षाचा दर धरला आहे, हे आवर्जून विचारावं.

एक उदाहरण : ३० बाय ४० चा प्लॉट

समजा, जालना शहरात तुमचा ३० बाय ४० फुटांचा प्लॉट आहे. म्हणजे १,२०० चौरस फूट. सरकारी हिशेब चौरस मीटरमध्ये होतो आणि १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. त्यामुळे हा प्लॉट सुमारे ११२ चौरस मीटरचा झाला. खुल्या जमिनीचा दर हिशेबासाठी चौरस मीटरला ५,००० रुपये धरू. हा दर निव्वळ उदाहरणापुरता आहे. तुमच्या भागाचा दर तक्त्यातूनच घ्या.

या प्लॉटवर दोन मजले मिळून १०० चौरस मीटरचं राहतं घर बांधायचं आहे.

जमिनीचा भाग : ११२ गुणिले ५,००० गुणिले अर्धा टक्का = २,८०० रुपये.
बांधकामाचा भाग : १०० गुणिले ५,००० गुणिले २ टक्के = १०,००० रुपये.
एकूण विकास शुल्क : १२,८०० रुपये.

आता तेवढंच बांधकाम, पण तळमजल्यावर ५० चौरस मीटरचं दुकान आणि वर ५० चौरस मीटरचं घर. जमीनही निम्मी-निम्मी वाटून घेऊ.

दुकानाच्या वाट्याची जमीन : ५६ गुणिले ५,००० गुणिले १ टक्का = २,८०० रुपये.
घराच्या वाट्याची जमीन : ५६ गुणिले ५,००० गुणिले अर्धा टक्का = १,४०० रुपये.
दुकानाचं बांधकाम : ५० गुणिले ५,००० गुणिले ४ टक्के = १०,००० रुपये.
घराचं बांधकाम : ५० गुणिले ५,००० गुणिले २ टक्के = ५,००० रुपये.
एकूण विकास शुल्क : १९,२०० रुपये.

आणि दोन्ही मजल्यांवर दुकानंच काढली, तर हीच रक्कम २५,६०० रुपये होईल, म्हणजे घराच्या बरोबर दुप्पट.

यावरून मिश्र इमारतीत नकाशावर वापर स्पष्ट लिहिणं किती महत्त्वाचं आहे, ते कळतं. खाली दुकान आणि वर घर असताना अख्ख्या इमारतीला व्यापारी दर लागला, तर ६,४०० रुपये जादा जातात. उलट शुल्क वाचवायला दुकानाच्या जागी नकाशात 'हॉल' लिहिला आणि पुढे शटर लावलं, तर तो विनापरवाना वापरबदल ठरतो. वापर बदलायलाही परवानगी लागते आणि त्यावरही विकास शुल्काची आकारणी होते.

जमिनीचं शुल्क आधीच भरलं असेल तर?

तुमचा प्लॉट मंजूर ले-आउटमधला असेल, तर ले-आउट मंजूर होताना प्लॉट पाडणाऱ्याने जमिनीचं विकास शुल्क भरलेलं असू शकतं. म्हणून प्लॉट घेताना खरेदीखतासोबत मंजूर ले-आउटची प्रत आणि शुल्काच्या पावतीची प्रत मागून घ्या. परवानगीच्या वेळी ती जोडा आणि जमिनीचा भाग पुन्हा का लावला जातोय, हे लेखी विचारा.

जुन्या घरावर मजला चढवतानाही हेच बघायचं. आधी रीतसर मंजूर असलेलं क्षेत्र आणि नव्याने वाढणारं क्षेत्र नकाशात वेगळं दाखवलेलं हवं. जुना मंजूर नकाशा हरवला असेल तर बांधकाम सुरू करण्याआधी त्याची प्रत मिळवा. तो हाताशी नसेल तर जुनं बांधकाम मंजूर होतं, हे सिद्ध करण्यातच महिने जातात.

कामगार उपकर : अनेकदा विकास शुल्काहून मोठा

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला. त्यानुसार बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो. परवानगी देणारं कार्यालय तो गोळा करतं आणि राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे पाठवतं.

इथे मात्र जमिनीचा दर चालत नाही, बांधकामाचा दर लागतो. आपल्या उदाहरणात बांधकामाचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरला, तर १०० चौरस मीटरचा खर्च २० लाख रुपये होतो. त्याच्या १ टक्का म्हणजे २०,००० रुपये. विकास शुल्क १२,८०० होतं, उपकर त्याहून जास्त झाला.

पण स्वतःच्या राहत्या घराला यात सूट आहे. १९९६ च्या कायद्यात ही सूट १० लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाला होती. सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. म्हणजे आपल्या उदाहरणातलं २० लाखांचं घर जुन्या मर्यादेत बसत नव्हतं, नव्या मर्यादेत बसतं. त्यामुळे स्वतः राहण्यासाठी बांधत असाल तर उपकराची ओळ चलनात का आहे, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुकान किंवा विक्रीसाठीच्या फ्लॅटना ही सूट नाही.

उपकर भरला असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. तुमच्याकडे काम करणारे गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी यांना कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला सांगा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामाचं काम, या अटींवर नोंदणी होते. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाताच्या मदतीपर्यंतच्या योजना या उपकराच्या पैशातूनच चालतात. नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो द्यायला घरमालकाने कचरू नये.

शुल्क एकदम का फुगतं? एफएसआयचं गणित

शेजारच्याने २० हजार भरले आणि मला ४० हजार का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एफएसआयमध्ये, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकात सापडतं.

दाट वस्तीच्या जुन्या भागाबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे. म्हणजे आपल्या ११२ चौरस मीटरच्या प्लॉटवर १२३.२ चौरस मीटर बांधकाम मूळ हक्काने करता येतं. तिथपर्यंत अधिमूल्य नाही. पूर्वी जिना, बाल्कनी असे भाग एफएसआयच्या बाहेर ठेवले जायचे. आताच्या नियमावलीत ते क्षेत्रात मोजले जातात. म्हणून 'खोल्या तर तेवढ्याच आहेत' असं वाटलं, तरी कागदावर क्षेत्र वाढलेलं असतं.

समजा तुम्हाला १२३.२ ऐवजी १६० चौरस मीटर बांधायचं आहे. म्हणजे ३६.८ चौरस मीटर जादा. यासाठी नियमावलीत 'अनुषंगिक क्षेत्र' म्हणून वाढीव एफएसआय आहे. निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत, तर व्यापारी बांधकामाला ८० टक्क्यांपर्यंत. पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत त्याचं अधिमूल्य जमीन दराच्या १५ टक्के, तर इतर ठिकाणी १० टक्के ठरलं आहे.

३६.८ गुणिले ५,००० गुणिले १० टक्के = १८,४०० रुपये. याच ३६.८ चौरस मीटरचं विकास शुल्क मात्र फक्त ३,६८० रुपये होतं. म्हणजे मूळ एफएसआयची रेघ ओलांडली, की प्रत्येक जादा चौरस मीटर सहापट महाग पडतो. ५०० रुपये अधिमूल्य आणि १०० रुपये विकास शुल्क.

त्याच्याही पुढे 'प्रीमियम एफएसआय' नावाचा प्रकार आहे. तो रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो आणि त्याचा दर जमीन दराच्या ३५ टक्के आहे. तेवढंच क्षेत्र त्या दराने घेतलं तर ६४,४०० रुपये होतील. मोठी व्यापारी इमारत बांधणाऱ्याला तो परवडतो. साध्या घराला सहसा त्याची गरज पडत नाही.

म्हणून नकाशा पक्का करण्याआधीच इंजिनिअरला विचारा, "मूळ एफएसआयमध्ये किती बसतं?" कधी कधी गॅलरी दोन फुटांनी कमी केली, तर एक अख्खी ओळ चलनातून निघून जाते.

छोट्या प्लॉटला सवलत आहे, पण शुल्काची नाही

१५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी नियमावलीत सोपी पद्धत आहे. परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा आणि कागदपत्रं दाखल करायची, शुल्क भरायचं आणि ती पावती हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. आपला ३० बाय ४० चा प्लॉट पहिल्या गटात बसतो.

यातली खोच समजून घ्या. सवलत आहे ती वेळेची. शुल्क भरावंच लागतं, उलट ते अचूक भरण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या अभियंत्यावर येते. क्षेत्र कमी दाखवून शुल्क वाचवलं, तर पावती हातात असूनही बांधकाम नियमबाह्य ठरतं.

ग्रामीण भागासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये असाच निर्णय घेतला. गावठाणात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी नगररचना कार्यालयाची वेगळी परवानगी लागत नाही. मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यायचा. ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायत शुल्काची रक्कम कळवते आणि ते भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र देते.

गुंठेवारीतला प्लॉट असेल तर?

जालन्यासारख्या वाढत्या शहरांत अनेकांनी गुंठ्याने जागा घेतल्या आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ले-आउट मंजूर नसलेल्या अशा जागेवर थेट बांधकाम परवानगी मिळत नाही. आधी गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित करून घ्यावा लागतो. २००१ च्या या कायद्यात १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड येत होते. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली.

नियमितीकरणाचं शुल्क आणि बांधकाम परवानगीचं शुल्क ही दोन वेगळी खाती आहेत. स्वस्तात मिळतोय म्हणून गुंठेवारीचा प्लॉट घेताना हा खर्च जमिनीच्या किमतीत मिळवून बघा. त्यानंतर तो खरंच स्वस्त आहे का, ते ठरवा.

परवानगी न घेता बांधलं तर?

आपल्या उदाहरणातल्या घराचं विकास शुल्क १२,८०० रुपये आहे. २० लाखांच्या बांधकामात ही रक्कम एक टक्काही भरत नाही. ती वाचवली तर काय होतं, तेही बघूया.

नगररचना कायद्याच्या कलम ५२ नुसार विनापरवाना बांधकाम हा गुन्हा आहे. त्यात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ५३ खाली बांधकाम पाडण्याची नोटीस येऊ शकते. महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामावर मालमत्ता करासोबत शास्ती लावण्याचीही तरतूद आहे आणि ती वर्षानुवर्षं चढत जाते.

रोजच्या व्यवहारातली अडचण तर याहून आधी येते. मंजूर नकाशा नसेल तर गृहकर्ज अडतं. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर विकताना भाव पडतो. दुकानाच्या जागेवर कर्ज काढायला गेलात, तर बँक पहिल्यांदा मागते तो मंजूर नकाशाच.

परवानगी मिळाली म्हणजे ती कायमची, असंही नाही. प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षासाठी असतं. काम सुरू झालं नाही तर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि एकूण मुदत चार वर्षांच्या पुढे जात नाही. नंतर नव्याने अर्ज करायचा, तोही त्या वर्षीच्या रेडी रेकनर दराने.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

महापालिका आणि नगरपरिषदांची परवानगी आता 'महावास्तु' या ऑनलाइन प्रणालीतून दिली जाते. अर्ज इंजिनिअर भरत असला, तरी शुल्काच्या मागणीपत्राची प्रत तुमच्या हाती असली पाहिजे. ती घेऊन पाच गोष्टी तपासा.

१. प्लॉटचं क्षेत्र सातबारा, मालमत्ता पत्रक किंवा मोजणी नकाशाशी जुळतं का?
२. बांधकामाचं क्षेत्र नकाशातल्या तक्त्याइतकंच आहे का? घर आणि दुकान वेगळं मोजलंय का?
३. रेडी रेकनरचा दर योग्य मूल्य विभागाचा, खुल्या जमिनीचा आणि योग्य वर्षाचा आहे का?
४. कामगार उपकर लावला असेल, तर राहत्या घराची सूट विचारात घेतली का?
५. अधिमूल्य किती चौरस मीटरवर आणि किती टक्क्यांनी लावलंय? अनामत रक्कम वेगळी दाखवली आहे का?

यातला एखादा आकडा जुळत नसेल, तर तोंडी वाद घालण्यापेक्षा साध्या कागदावर अर्ज करून त्या ओळीचा हिशेब मागा. आणि अर्ज परिपूर्ण असूनही उत्तरच येत नसेल, तर कायद्यात ६० दिवसांची मर्यादा आहे. त्या मुदतीत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असं मानता येतं. मात्र त्यासाठी बांधकाम नियमावलीत बसणारं असलं पाहिजे.

ज्या रकमेचं चलन नाही, ती परवानगीची रक्कम नाही, एवढं पक्कं धरून चाला. पुढच्या वेळी कुणी "सगळं मिळून एवढे" म्हणालं, तर वही-पेन पुढे करा आणि म्हणा, "एकेक ओळ सांगा, मी गुणाकार करतो."